चार वाजताचं विमान

१९ नोव्हेंबर

चिरंजीव,

यापुढे आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, ती गाळतो. तू मागितलेले नाहीत. हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवतोय, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

तुम्हा दोघांची चोरी आज पकडली. वाचनालय पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद होतं, म्हणून मी सव्वाचारलाच घरी परतलो. चपला काढतोय तर मागच्या खोलीतून तुझ्या आईचं बोलणं ऐकू आलं. वाटलं, बाई एकटीच बडबडायला लागली. दार ढकललं. तू टाकून गेलेल्या त्या कॉम्प्युटरसमोर आईसाहेब बसल्या होत्या. डोक्यावर हेडफोन, हातात ते विमानाचं हँडल, पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत म्हणून पाठीमागे दोन उशा. "डावीकडे वळतेय, उंची दोन हजार," असं कुणाला तरी सांगत होती. एकसष्ट वर्षांची बाई! स्क्रीनवर खाली नदी, शेतं, आणि शेजारून उडणारं दुसरं एक विमान. त्यात तू.

मला पाहून ती दचकली नाही. आधी तुला म्हणाली, "आज इथंच थांबू या," आणि मग सावकाश हेडफोन काढला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. लाइन कधी तोडायची ते तिला बरोबर कळतं.

"कधीपासून चाललंय?"

"मार्चपासून."

"रोज?"

"तुम्ही वाचनालयात असता तेव्हा."

म्हणजे आठ महिने मी तिकडे पेपर चाळत बसलो आणि इकडे तुम्ही माझ्या घरात, माझ्या विजेवर आभाळात गप्पा मारत होतात. मी विचारलं, "या वयात पायलट होणार आहेस का?" तर म्हणाली, "नाही. पण त्याच्याशी बोलायला दुसरी जागा तुम्ही ठेवलीत कुठे?"

घरात फोन एकच, तो माझ्या खिशात असतो आणि माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, हे मान्य. पण ही वेळ कशामुळे आली? एका विनोदामुळे. एकतीस वर्षं मी कारखान्यात व्हॉल्व्ह तपासले. टेबलावर आलेला माल पास की नापास, एवढंच माझं काम. कामगार पाठीमागे मला नापाससाहेब म्हणायचे. मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचं. निरोपाच्या समारंभात मी म्हणालो, "एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकच नापास माल सुटला, तो तिसऱ्या रांगेत बसलाय." दोनशे माणसं हसली. तू फ्लाइंग स्कूलमध्ये एकट्यानं विमान उडवायच्या चाचणीत दोनदा आपटून घरी परतला होतास आणि वर्षभर त्या खोलीत खोटी विमानं उतरवत बसला होतास. मी काय खोटं बोललो? सगळ्यांना हसू आलं, तुला तेवढं आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचललीस.

आता म्हणे कुठल्याशा विमानतळावर सामान चढवणाऱ्यांचा मुकादम आहेस. अखेर विमानाच्या जवळ पोचलास. अभिनंदन.

त्या खोलीला आजपासून कुलूप. किल्ली माझ्याकडे. आईला तुला काही सांगायचं असेल तर तिनं मला सांगावं. मला योग्य वाटलं तर मी कळवीन.

तुझा बाप


२७ नोव्हेंबर

चिरंजीव,

माझं पहिलं पत्र तू उघडलं नाहीस. हे मला तुझ्याच तोंडून कळलं. हेही उघडणार नाहीस, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तुझी आई गेली. रविवारी, बावीस तारखेला, दुपारी एकच्या सुमाराला.

कुलूप लावल्यापासून ती माझ्याशी बोललीच नाही. जेवण वाढायची, कपडे वाळत घालायची. चार वाजले की स्टूल आणून त्या बंद दाराला पाठ लावून बसायची आणि साडेपाचला उठायची. मी वाचनालयात जाणं बंद केलं होतं. समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघायचो. बघू या कोण आधी थकतं, असं म्हणत.

रविवारी सकाळी अकराला ती त्याच स्टुलावर येऊन बसली. चारची वेळ नव्हती. म्हणाली, "छातीत दुखतंय."

मी शब्दकोडं सोडवत होतो. म्हणालो, "नाटकं पुरेत. किल्ली मिळणार नाही."

"किल्ली नको. पाणी द्या."

पाणी दिलं. मी काही राक्षस नाही. तिनं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवताना तो कलंडला. फडकं तिच्यापुढे टाकून मी पुन्हा कोड्याकडे वळलो. आडवे शब्द झाले होते, उभे चार राहिले होते. ते पुरे केले. मधे ती एकदा कण्हली, तेव्हा मी म्हणालो, "मोठ्यानं कण्ह, तिकडे ऐकू जाऊ दे." हे वाक्य मी बोललो. कुणी ऐकलं नाही, त्यामुळे लिहायची गरज नव्हती, तरी लिहितोय.

पाऊण तासानं शेजारच्या नर्सबाई पेपर मागायला आल्या. तिला पाहिलं आणि ओरडल्याच. गाडी त्यांनी बोलावली, हाताला धरून गाडीत त्यांनीच बसवलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आत्ताच दुखायला लागलं होतं."

तुला फोन केला. दोनदा. दोन्ही वेळा तू माझं "हॅलो" ऐकून ठेवलास. तिसऱ्यांदा करायला हवा होता. केला नाही. नर्सबाईंना आणि बाकीच्या दोघाचौघांना सांगितलं, "त्याला कळवलंय, पण रजा मिळत नाही." लोक चुकचुकले. तुझ्यासाठी चुकचुकले, माझ्यासाठी नाही. मला ते बरं वाटलं.

मंगळवारी चारला ते सगळं यंत्र सुटं करून माळ्यावर टाकायचं ठरवलं आणि कुलूप उघडलं. कुठली वायर कुठे जाते ते बघायला बटण दाबलं. आईला त्रास नको म्हणून तू सगळं आपोआप चालू होईल असं करून ठेवलं होतंस. स्क्रीन उजळला आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. मी तो कानाला लावला. तुला झापायला लावला, हे नक्की.

"आई? आलीस का? पाच दिवस झाले. तो काही बोलला का तुला?"

बाबा नाही. ते नाही. तो.

"आई, ऐकू येतंय ना?"

चार वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या कानात बोलत होतास आणि ठेवून देत नव्हतास. मी एका बोटानं अक्षरं शोधून टाईप केलं: घसा बसलाय.

"अगं मग बोलू नकोस. तू लिही, मी बोलतो. त्याचं पत्र आलंय रजिस्टरनं. उघडलं नाही, उघडणारही नाही. तू चल, इंजिन चालू कर."

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: माइक बिघडलाय. तू बोल, मी ऐकते.

ऐकते. चौसष्ट वर्षांत स्वतःबद्दल असं कधी लिहिलं नव्हतं. लिहिताना काही वाटलंही नाही.

तर कळवायचं ते कळवलं आहे. पोस्टाची पावती माझ्याकडे राहील.


६ डिसेंबर

चिरंजीव,

यंत्र समोर असलं की मला ते कळतंच, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी विमान धावपट्टीवरून उठलं आणि उजवीकडे कलंडून शेतात घुसलं. तू घाबरलास. "आई, बरं वाटतंय ना? तू असं कधी करत नाहीस."

तेव्हा मला तिची वही सापडली. कीबोर्डखाली ठेवलेली, शंभर पानी. एक्स्चेंजमधलं ते टपोरं अक्षर. "नाक वर केलं की वेग उतरतो. काटा बघून हँडल हलवायचं नाही, बाहेर बघून हलवायचं, मग काटा बघायचा. वळताना नाक खाली जातं, किंचित ओढून धरायचं. उतरताना जवळची जमीन बघायची नाही, पट्टीचं पलीकडचं टोक बघायचं." मार्चपासून नोव्हेंबरपर्यंतच्या तारखा. प्रत्येक तारखेखाली तू काय शिकवलंस आणि त्या दिवशी तू काय जेवला होतास, तेही.

मी सकाळी वही घेऊन बसतो आणि चारला तुझ्यासमोर परीक्षा देतो. आता सरळ आणि एकाच उंचीवर उडता येतं. डावीकडचं वळण जमतं, उजवीकडच्यात शंभर फूट खाली येतो. तू म्हणतोस, "हात का जड झालाय गं? दोन बोटांनी धर. कप धरल्यासारखं." मी दोन बोटांनी धरतो. तू म्हणतोस, "बघ, झालं की नाही?" माझ्याशी असं कुणी कधी बोललेलं नाही. माझे वडील बोलले नाहीत. मीही तुझ्याशी बोललो नाही. तुला सायकल शिकवताना मी अंगठ्याच्या नखानं तुझ्या मानेवर टोचायचो, ताठ बस म्हणून. आठ दिवसांत शिकलास, हेही खरं.

काल आपण तीन हजार फुटांवर होतो. हवा शांत होती. तू म्हणालास, "आई, तो गेला ना, की मला कळव. पण बोलावू नकोस. मी येणार नाही."

मी लिहिलं: बरं.

उंचीचा काटा बघितला. तीन हजारवरून हललेला नव्हता. हात स्थिर होता. तू म्हणालास, "आज मस्त धरलंयस विमान."

खरं सांगायला मला रोज दीड तास असतो. रोज वाटतं, आज उतरलो की सांगू. उतरल्यावर तू म्हणतोस, "उद्या चारला?" आणि मी "हो" लिहितो.

नर्सबाई विचारत होत्या, मुलाचा फोन येतो का. मी म्हणालो, रोज बोलतो. त्यांना बरं वाटलं.


१६ डिसेंबर

चिरंजीव,

आज तू जे सांगितलंस ते तिला मागेच माहीत होतं, म्हणून तू अर्धवटच बोललास. मला जुळवून घ्यावं लागलं.

तू ऑगस्टपासून सुटीच्या दिवशी खऱ्या विमानावर शिकत होतास. एकट्यानं उडवायची चाचणी पास झालास. नंतरची मोठी परीक्षाही. सोमवारी लायसन्स हातात आलं. नापास माल पास झाला आणि तपासनिसाला पत्ता नाही. तिनं तीन महिने माझ्या ताटात पोळ्या वाढल्या आणि एक शब्द काढला नाही.

"पहिली प्रवासी तूच," तू म्हणालास. "रविवारी सकाळी न्यायला येतो. फ्लाइंग क्लबचं विमान सांगून ठेवलंय, एका तासाच्या अंतरावर आहे. तो काय आदळआपट करायची ती करू दे. तुला समोरच्या सीटवर बसवणार आणि वर गेलं की हँडल तुझ्या हातात देणार. खरंखुरं. नऊ महिने शिकलीस, आई."

मग म्हणालास, "बोल ना. म्हणजे लिही ना काहीतरी."

आता सांगायलाच हवं होतं. अक्षरं समोर होती. "ती" लिहिलं. पुसलं. "मी" लिहिलं. पुसलं. तू म्हणालास, "रडतेयस का?"

मी लिहिलं: हो.

रविवारला चार दिवस आहेत. हे पत्र उद्या टाकलं तर शनिवारी तुला मिळेल. नेमकं हेच उघडलंस तर बरं होईल, आणि नाही उघडलंस तर मी कळवलं होतं.


२१ डिसेंबर

काल जे घडलं ते क्रमानं लिहून काढतो. काम संपल्यावर तपासणीचा अहवाल लिहायची सवय आहे, त्याशिवाय काम हातावेगळं झालं असं वाटत नाही.

तू साडेनऊला आलास. मी बेलची वाट बघत होतो. आधी जिन्यात नर्सबाईंचा आवाज आला. "आलास का रे बाबा? उशिरा का होईना. चार आठवडे झाले आज. रजा मिळाली नाही म्हणे?" मग तुझा आवाज, "कसली रजा?" मग कुजबुज. मी दाराच्या आत उभा होतो. उघडायला हवं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "अरे, तुला कळवलं होतं ना?"

तुझ्या हातात बायकी मापाचं जाड जॅकेट होतं. वर थंडी असते म्हणून. चपला न काढता तू सरळ मागच्या खोलीत गेलास. तिच्या दोन्ही उशा मी खुर्चीवर तशाच ठेवल्या होत्या. त्या उचलून तू बाजूला ठेवल्यास, बसलास आणि लिहिलेले सगळे निरोप उघडलेस. मोठ्यानं वाचत गेलास, शाळेत हजेरी घ्यावी तसं.

"'घसा बसलाय.' कोण?"

"मी."

"'माइक बिघडलाय. तू बोल, मी ऐकते.'"

"मी."

"'हो.' 'हो.' 'बरं.'"

"मी. पण मी कळवलं होतं. रजिस्टरनं. पोच आहे." आणि खरंच खिशातून पावत्या काढून तुझ्यासमोर धरल्या.

तू बॅगेतून माझी पत्रं काढलीस. चारही. परत करायला आणली होतीस, बहुतेक तोंडावर फेकायला. दुसरं फोडलंस आणि वाचलंस. शब्दकोड्याच्या ठिकाणी तू थांबलास, मला कळलं, कारण तुझे डोळे तीच ओळ पुन्हा वाचत होते. मला वाटलं, आता हा हात उचलणार. मी चष्मा काढून ठेवला. तू उचलला नाहीस. कागद होता त्याच घड्यांवर दुमडलास आणि टेबलावर ठेवलास. मला म्हणालास, "कण्हली तेव्हा काय म्हणाली? काही म्हणाली?"

"काही नाही."

"माझं नाव?"

"काही नाही म्हणाली."

हे खोटं होतं. तुझं नाव घेतलं होतं. दोनदा. ते मी पत्रात लिहिलं नव्हतं आणि काल विचारलंस तेव्हाही दिलं नाही. का दिलं नाही ते मला सांगता येत नाही. आता लिहिलं.

मग तू पुन्हा स्क्रीनकडे वळलास. मागच्या मंगळवारचा निरोप होता. त्या दिवशी तू मुद्दाम जोराचा वारा लावून विमान उतरवलं होतंस. मी आधी उतरून पट्टीच्या कडेला थांबलो होतो. तुझं विमान तिरकं तिरकं येत होतं, आता पडतंय असं वाटेपर्यंत, आणि शेवटच्या क्षणी सरळ होऊन टेकलं. तू विचारलंस, "कसं झालं, आई?" आणि मी लिहिलं होतं: छान उतरवलंस.

तू ते वाचलंस. बाकीच्यासारखं "कोण?" असं विचारलं नाहीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "हे तिनं लिहिलं असतं म्हणून लिहिलंत, की तुम्हाला तसं वाटलं म्हणून?"

चार वर्षांत तू मला माझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर एका शब्दाचं होतं. मला वाटलं होतं. हँडल सोडून मी टाळ्या वाजवल्या होत्या, एकटाच, त्या खोलीत. एवढं म्हटलं असतं तर तू कदाचित बसला असतास. पाणी मागितलं असतंस. मला माहीत नाही. पण तू विचारलंस, माझ्यासमोर एक वस्तू ठेवली गेली, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

मी म्हणालो, "डावं चाक आधी टेकलं होतं."

तू हसलास. त्या दिवशी समारंभात जे हसता आलं नव्हतं, ते बहुतेक काल हसलास. हेडफोनची वायर काढलीस, गुंडाळलीस, जॅकेटच्या खिशात घातलीस. तिची वही घेतलीस. दारात गेल्यावर वळलास आणि मला समजावून सांगितलंस. चिडून नाही. चारला सांगायचास ना, त्याच आवाजात.

"वारा डावीकडून होता. अशा वेळी डावंच चाक आधी टेकवायचं असतं. आईला माहीत होतं."

तू जिना उतरून गेलास. नर्सबाईंचं दार उघडलं आणि बंद झालं. त्यांनी माझ्याकडे यायचं बंद केलंय, हे मला आज सकाळी त्या पेपर मागायला आल्या नाहीत तेव्हा कळलं.

वारा कुठून होता ते स्क्रीनवर कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मी तिकडे बघितलंच नव्हतं. मी चाकं बघत होतो.